चौदावा खिळा

माझ्या माजघरात, देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला, सागाची एक फळी भिंतीला ठोकलेली आहे. फळीवर चौदा खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात घराची ओळख: ‘वरचं घर’, ‘विहिरीकडलं’, ‘चिंचेखालचं’, ‘मास्तरांचं’. खिळ्यांना किल्ल्या. बहुतेक नव्या, चपट्या, चकचकीत. दोन-तीन जुन्या, वीतभर लांब, लोखंडी, हाताला जड लागणाऱ्या. ज्यांची ही घरं, ती माणसं मुंबईत, डोंबिवलीत, पुण्यात आहेत. एक कुटुंब मस्कतला. गणपतीला आणि शिमग्याला ते येतात, दारं उघडतात, चार दिवस वाडीत माणसांचा आवाज होतो. जाताना किल्ली माझ्या हातात देतात आणि एवढंच म्हणतात, “बाई, लक्ष आसूं दे.”

वेंगुर्ले तालुक्यातल्या या गावात मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. यजमान गेले, मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली. बारा महिने मी गावातच असते, म्हणून किल्ल्या माझ्याकडे आल्या. पहिली 2008 साली आली, चौदावी 2017 साली.

या किल्ल्यांनी मला एका प्रश्नात घातलं. दुसऱ्याचं घेऊ नये, हे अस्तेय. आपल्याजवळही गरजेपलीकडे साठवू नये, हा अपरिग्रह. पतंजलींच्या पाच यमांत ही दोन्ही आहेत. पहिल्याने चोराला सांगितलं, दुसऱ्याने धनवंताला सांगितलं. पण या दोघांच्या मध्ये जो किल्ली घेऊन उभा असतो, ज्याचं त्यातलं काहीच नाही, त्या राखणदाराचा धर्म कोणता? त्याने काय राखायचं, कशाने राखायचं आणि कुठे थांबायचं? हा प्रश्न मला पोथी वाचताना पडला नाही. एका रिकाम्या घरात, मोडलेल्या कौलांवर उभी असताना पडला.

आमच्याकडचं जुनं घर कसं राखलेलं असे, ते आधी सांगते. आवाराला जांभ्या दगडाचा गडगा, फार तर कमरेइतका. आत यायच्या वाटेवर बेडं: दोन बाजूंना भोकं पाडलेले दोन खांब आणि त्यांतून आडव्या सरकवलेल्या बांबूच्या काठ्या. बेडं गुरांना अडवतं. माणसाला ते अडवू शकत नाही, लहान मूलही काठी सरकवून आत येतं. काठ्या लावलेल्या असल्या की घरचे बाहेर गेलेत, एवढा निरोप त्यातून मिळे. मागल्या दाराला आतून लाकडी अडसर, पुढल्या दाराला कडी-कोयंडा. खिडक्यांचे गज लाकडी, करवत असेल तर पाच मिनिटांचं काम. वर मंगळुरी कौलं, नुसती एकात एक बसवलेली. असं घर खरं पाहता कुठूनही उघडता येतं. तरी ते राखलं जाई, कारण पडवीत आजी बसलेली असे, खळ्यात कोणी सुपारी सोलत असे, शेजारची बाई पाणी नेताना हाक मारून जाई, आणि कुत्रं होतं. राखण दाराची नव्हतीच. ती येण्या-जाण्याची होती.

भांड्यांची राखण आणखी वेगळी. आमच्याकडे हंडा, घागर, परात, तपेलं, सगळ्यांवर नाव घातलेलं असे. गावोगाव फिरणारा माणूस यायचा, ओसरीवर बसून छोट्या हातोडीने आणि छिन्नीने ठिपका ठिपका ठोकत अक्षरं काढायचा. नाव, गाव, कधी लग्नाची तारीख. लग्नकार्यात दहा घरांची भांडी एकत्र येत आणि कार्य उरकलं की नाव वाचून घरोघर परत जात. त्या ठिपक्यांत चोराची भीती फारशी नव्हती. वस्तू फिरणार आहे, दुसऱ्याच्या चुलीवर चढणार आहे, आणि फिरून घरी यायची आहे, हे त्यात गृहीत होतं.

माणसं मुंबईला गेली आणि हे सगळं एकेक करून सुटलं. उरलं ते कुलूप. घर बंद झालं की भांडी माळ्यावर चढली. मागचा गडगा पावसात ढासळला तर उभा करायला कोणी नाही. ज्या माडावर चढायला माणूस मिळत नाही, त्याच्या झावळ्या कौलांवर पडतात. बंद घर रस्त्यावरून चालताना ओळखू येतं: तुळशीपुढे रांगोळी नाही, अंगणात गवत गुडघ्याएवढं, विजेचं बिल दाराच्या फटीत तसंच. आषाढ-श्रावणात पाऊस कौलांवर इतका वाजतो की वरचं कौल सरकवलं तरी शेजारच्या घरात ऐकू जात नाही, आणि वीज तर बहुतेक रात्री गेलेलीच असते. हे आम्हांला कळतं, तसं चोरालाही कळतं.

2019 च्या शिमग्यात ‘चिंचेखालचं’ घर उघडायला त्या घरचा मुलगा आला. मी किल्ली घेऊन बरोबर गेले. पुढच्या दाराचं सात लिव्हरचं कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली फिरली, कुलूप उघडलं, आणि आत माजघरात उन्हाचा चौकोन पडलेला दिसला. मागच्या पडवीवरची पंधरा-वीस कौलं काढून कोणी तरी उतरलं होतं. काही कौलं नीट रचून ठेवलेली, काही फुटलेली. न्हाणीघरातला तांब्याचा बंब गेला होता. माळ्यावरचे तीन हंडे, मोठी परात, दोन पितळी समया, देव्हाऱ्यातली घंटा आणि ताम्हन गेलं होतं.

देव मात्र होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, सगळे एका पाटावर, खाली स्वच्छ फडकं अंथरून, ओळीने मांडलेले. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पितळेचे होते, वजनाला गेले असते. ज्याने ताम्हन उचललं, त्याने त्यातले देव आधी हातांनी बाहेर काढून पाटावर ठेवले होते. अंधारात, घाईत, पकडलं जायच्या भीतीत त्याने फडकं शोधून अंथरलं होतं. तो पाट मी अजून विसरलेले नाही. चोर आपल्या धर्माबाहेरचा कोणी तरी असतो, अशी माझी समजूत होती. तो आमच्याच देवाला भिणारा, आमच्यासारखाच पाट मांडणारा निघाला.

डोंबिवलीला त्या घरच्या काकूंना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “देव आसत मा गो?” मी म्हटलं, आहेत. मग म्हणाल्या, “बंब गेलो तर गेलो. तू रातच्या तकडे एकटी जाव नको.” बंब त्यांच्या सासूबाईंनी आणलेला होता. त्या फोनवर रडल्या नाहीत, पण बराच वेळ बोलल्याही नाहीत.

त्या संध्याकाळी ग्रामदेवी सातेरीच्या देवळात दहा-बारा जण जमले. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची होतीच. पोलीस पाटलांनी गेलेल्या वस्तूंची यादी मागितली तेव्हा ध्यानात आलं की एकाही भांड्याचा फोटो कोणाकडे नाही. कोणाला हंड्यावरचं नाव आठवेना. मग बोलणं दुसरीकडे वळलं. कोणी तरी म्हणालं, “आंब्यातल्या गुरख्याक इचारल्यात काय?”

चिंचेखालच्या घरामागे कलमांची मोठी बाग आहे. आमच्या भागातल्या बहुतेक बागांत असते तशी तिथेही राखणीला नेपाळी माणसं असत. कार्तिकात येत, आंबा उतरला की पावसाच्या तोंडावर गावी परतत. त्या वर्षीचा गुरखा चाळिशीचा होता, तिसऱ्यांदा आला होता. मला दीदी म्हणे. माझ्या विहिरीवरून पाणी नेई, आणि न सांगता माझीही एक कळशी भरून पडवीत ठेवी.

देवळात त्याचं नाव निघालं तेव्हा मी गप्प बसले. मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसले, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. खरं असं की गावातल्या कोणाचं नाव येण्यापेक्षा त्याचं आलेलं मला सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या अंगणात उभा होता. हातात त्याची पिशवी. मी काही विचारलं नव्हतं. त्याने पडवीच्या पायरीवर बसून पिशवी उलटी केली. दोन शर्ट, एक घोंगडी, तंबाखूचा डबा, मोबाइलचा चार्जर, कागदात गुंडाळलेली लहान मुलीची लाल चपलांची जोडी, नवी, किमतीची चिठ्ठी तशीच. एकेक वस्तू त्याने पायरीवर मांडली आणि बाजूला होऊन उभा राहिला.

मी पाहिलं. ‘उचल ते, मला काही बघायचं नाही’ असं म्हणायला हवं होतं. मी सगळं पाहिलं, चपलांपर्यंत, आणि पाहून झाल्यावर म्हणाले, “ठीक आहे.” त्याने सगळं परत भरलं. त्या दिवसापासून पडवीत कळशी आली नाही. जूनमध्ये तो गेला आणि पुढच्या हंगामाला दुसराच माणूस आला. चोर सापडला नाही, वस्तू सापडल्या नाहीत.

चार दिवसांनी पुन्हा देवळात बैठक झाली. या वेळी सूचना वेगळी होती: “बाई, देवाक कौल लावूया. चोर आपसूक भायर येतलो.” आमच्याकडे देवीला कौल लावण्याची रीत जुनी आहे. मूर्तीवर पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा, उजवी पडते की डावी ते पाहायचं. लग्न, पेरणी, विहीर, दुखणं, सगळ्याला कौल लावतात. मीही लावला आहे आणि त्याची मला लाज नाही. माझी देवीवर श्रद्धा आहे. पण त्या संध्याकाळी मला ती पायरीवर मांडलेली चपलांची जोडी दिसत होती. पाकळी ज्या नावावर पडेल, त्या माणसाला ती पुसता येणार नाही. पोलिसांच्या संशयावर न्यायालय असतं. देवीच्या कौलावर गावात अपील नसतं.

मी उठले आणि म्हटलं, “देवीक इचारायचाच तर येवढाच इचारा. ह्या घराकडे आपल्यातला कोण शेवटचा कधी गेल्लो?”

कोणी कौल लावला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीपासून त्या घराकडे कोणी फिरकलं नव्हतं. मी स्वतः शेवटची गेले होते ती गणपती संपून त्यांनी किल्ली दिली त्या दिवशी. सहा महिने झाले होते. किल्ली माझ्या भिंतीवर सुरक्षित होती, रोज सकाळी मी तिला पाहत होते, आणि तेवढ्यावर मी घर राखते असं समजत होते.

नंतर मी या गोष्टीवर पुष्कळ वाचलं. निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो आणि तालुक्याचं वाचनालय चांगलं आहे. गांधींनी 1909 साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिलं, त्यात घरात शिरलेल्या चोराचं लांबलचक उदाहरण आहे. ते दोन वाटा दाखवतात. एक वाट हत्यारं जमवण्याची, शेजारी गोळा करण्याची. त्या वाटेने चोरही चिडतो, तोही टोळी करतो, आणि शेवटी शेजाऱ्यांचीही झोप जाते. दुसरी वाट अशी की चोराची कीव करावी, त्याच्या अज्ञानाला औषध शोधावं, दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे त्याचंच मन गोंधळेल, पालटेल. सगळे चोर असेच वागतील, असा दावा तेही करत नाहीत. चांगल्या फळासाठी साधनही चांगलंच हवं, एवढंच त्यांना सांगायचं आहे. लहानपणी कीर्तनात ऐकलेली एकनाथांची कथा याच वाटेची. पैठणला नाथांच्या घरी चोर शिरले, त्यांना दिसेनासं झालं, ते भांड्यांवर आदळू लागले. नाथांनी त्यांना दृष्टी मिळवून दिली, आणि वर आपल्या बोटातली अंगठी काढून दिली.

या कथेपुढे मी हात जोडते. पण राखणदार म्हणून माझी तिथे अडचण होते. नाथांनी दिलेली अंगठी त्यांच्या स्वतःच्या बोटातली होती. गांधी ज्या घराची दारं उघडी ठेवायला सांगतात, ते घर ज्याचं त्याचं आहे. मी माझं दार उघडं टाकू शकते, माझी अंगठी देऊ शकते. काकूंच्या सासूबाईंचा बंब उदार होऊन देऊन टाकायचा अधिकार मला कुठे आहे? दुसऱ्याच्या वस्तूचा त्याग करणं हा त्याग नव्हे, ती हयगय झाली. मालकाला वैराग्य शोभतं. राखणदाराला ते परवडत नाही. त्याने राखलंच पाहिजे.

मग प्रश्न उरतो तो ‘कशाने’ एवढाच. आणि इथे मला माझी चूक नीट दिसते. त्या गुरख्याचं नावही आमच्या गावात ठेवायला दिलेलंच होतं. त्याचं घर शेकडो कोस दूर, ओळखीचं कोणी नाही. आपलं चांगलं नाव त्याने कोणाच्या भरवशावर ठेवलं होतं? आमच्या, माझ्या. तांब्याचा बंब राखायला निघाले आणि त्याचं नाव मी जाऊ दिलं. अस्तेय म्हणजे वस्तू न चोरणं, एवढाच अर्थ मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवला. पुरावा नसताना माणसाची अब्रू काढून घेणं ही चोरीच आहे, आणि बंबापेक्षा मोठी आहे. बंब पुन्हा विकत मिळतो.

माझी चूक एका पिशवीपाशी थांबली. इतरत्र ती थांबली नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भटक्या समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला चोर आल्याच्या अफवेवर दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव गेला. त्या जमावांतल्या बहुतेकांना त्या घटकेला आपण गाव राखतो आहोत असंच वाटत असणार, म्हणूनच मला भीती वाटते. देवळातलं माझं गप्प बसणं आणि तो जमाव यांत अंतर आहे, पण वाट एकच आहे. कायद्यालाही ही वाट ठाऊक आहे. आपली मालमत्ता वाचवण्यासाठी बळ वापरायचा हक्क जुन्या दंड संहितेत होता, 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण रक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हात उगारायचा नाही, ही अट दोन्हींत आहे. राखणीला जी मर्यादा हवी म्हणून मी पोथ्यांत शोधत होते, ती तिथे साध्या शब्दांत लिहिलेली आहे.

देव राखतो, असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? याची दोन चित्रं माझ्यापुढे आहेत. एक शनिशिंगणापूरचं. तिथे घरांना दारं-कुलपं न लावण्याची रीत आहे, चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा करतो ही श्रद्धा. 2011 मध्ये तिथे एका बँकेनेही कुलपाविना शाखा उघडली. चोरीच्या तक्रारी तिथेही नोंदल्या गेल्या आहेत, पण त्यावरून त्या श्रद्धेला खोटं म्हणायचं धाडस मी करणार नाही. एका गावाने इतकी वर्षं एकमेकांवर विश्वास टाकला, ही थोर गोष्ट आहे. तरी त्या राखणीच्या मुळाशी शिक्षेचं भय आहे.

दुसरं चित्र माझ्या जवळचं. आमच्या तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा. भक्त त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. वेतोबा रात्रभर गावाच्या शिवेवरून फेरी घालतो, गाव राखतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. लहानपणी आजोबांनी मला उचलून त्या चपलांचे तळवे दाखवले होते. झिजलेले होते. आजोबा म्हणाले, “बघ, देव झोपाक नाय.”

पन्नास वर्षांनी त्या वाक्याचा अर्थ मला लागला. आमचा देव घराला कुलूप घालून राखत नाही. कोणावर नजर रोखूनही बसत नाही. तो चालतो. प्रत्येक घरावरून जातो, प्रत्येक शीव पायाखाली घालतो, आणि त्याची खूण म्हणजे झिजलेला तळवा. राखण म्हणजे फेरी. जिथे आपला पाय पडतो तिथे राखण असते. पाय थांबले की त्यांची जागा संशय घेतो, कारण पाहिलेलं काही नसतं आणि भीती मात्र असते. त्या सहा महिन्यांत मी त्या घराकडे गेले असते, तर कौलं कधी निघाली ते मला कळलं असतं, आणि देवळात त्या माणसाचं नाव निघालं तेव्हा बोलायला माझ्याकडे काही तरी असतं. मी चालले नाही, म्हणून मला संशयाचा आधार घ्यावा लागला.

म्हणून आता मी चालते. दर सोमवारी सात घरं, दर गुरुवारी सात. हातात काठी, पिशवीत किल्ल्या, काडेपेटी आणि शाळेतली उरलेली एक वही. वहीत तारीख, घर, आणि पाहिलेलं: ‘मागचं कौल सरकलं’, ‘झावळी पडली’, ‘बेड्याची वरची काठी नाही’, ‘मुंगूस’. दार उघडते, खिडक्या तासभर उघड्या ठेवते, देवापुढे दिवा लावते. आठवड्याला दिवा लागणारं घर बाहेरूनही बंद वाटत नाही. मालकांना सांगून पडवीच्या कौलांखाली लोखंडी जाळी मारून घेतली, आठ घरांनी मारली. मागच्या दारांचे अडसर बदलले. दारापुढे उजेड पडेल असे आपोआप लागणारे सौरदिवे चार घरांत बसले. भांड्यांचे फोटो काढले, नाव दिसेल असे जवळून, आणि यादीची एक प्रत पोलीस पाटलांकडे दिली. कोणतं घर कधीपासून कधीपर्यंत बंद आहे ते बीट अंमलदारांना कळवते. मुंबईकरांना एवढंच सांगितलं आहे की गावाहून निघाल्याचे फोटो त्याच दिवशी सगळ्या जगाला दाखवू नका.

आणखी एक गोष्ट झाली, ती माझ्या मनाला सगळ्यांत जास्त भिडली. येरवड्याच्या तुरुंगातून 1930 साली आश्रमाला पाठवलेल्या पत्रांत, ज्यांचं पुढे ‘मंगल प्रभात’ झालं, गांधींनी गरज नसलेली वस्तू ठेवून घेणं हीही चोरीच, असं म्हटलं आहे. हे मी एका गणपतीत मुंबईहून आलेल्या बायकांना वाचून दाखवलं. कोणाला टोचावं म्हणून नव्हे. माळ्यावरची परात कोणाच्या चुलीवर चढत नाही, याचं मलाच वाईट वाटत होतं. तीन घरांनी आपली मोठी तपेली, हंडे आणि पराती देवळाला वापरायला दिल्या. नावं त्यांचीच आहेत, ठिपक्यांची. समाराधनेला आता त्यांत भात शिजतो. कार्याला आलेला प्रत्येक जण ते नाव वाचतो. ज्या परातीचं नाव पन्नास माणसांना पाठ आहे, ती भंगारात विकायला न्यायची कोणाची छाती होणार? अपरिग्रह आणि राखण एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं मी समजत होते. वापरात फिरणारी वस्तू दोन्ही साधते.

आता शेवटचं. चिंचेखालच्या घराला सगळ्यांत जवळ जर कोणाचं राहणं असेल, तर बागेतल्या गुरख्याच्या खोपीचं. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात नवा माणूस आला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी त्याला घेऊन सगळी फेरी चालले. कोणतं घर कोणाचं, कोण केव्हा येतं, सगळं सांगितलं. मग काकूंना फोन केला आणि म्हटलं, तुमच्या घराची किल्ली हंगामभर त्याच्याकडे ठेवू का? त्यांनी चार दिवस उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. किल्ली माझी नव्हती आणि विश्वासही माझा एकटीचा चालणार नव्हता. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “दी. पण दिवो लावूक सांग.”

तो दिवा लावतो. संध्याकाळी माझ्या पडवीतून चिंचेच्या फांद्यांमधून तो उजेड दिसतो. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत माझ्या फळीवर तेराच किल्ल्या असतात.

याने जुनं देणं फिटलं असं मी समजत नाही. ज्याची पिशवी मी पाहिली, तो माणूस हा नव्हे, आणि त्याला मी अजून काही सांगू शकलेले नाही. त्याचा पत्ता कोणाकडे नाही. ती मुलगी आता मोठी झाली असेल, त्या चपला तिला केव्हाच लहान झाल्या असतील. दर वर्षी शिवेवर राखणदार देवाला नारळ देताना गावासाठी गाऱ्हाणं घालतात आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मीही म्हणते, आणि मनात त्याचं नाव घेते. घरं आम्ही राखतो आहोत. त्याचं नाव तू राख, आमच्याकडून ते राहिलं. मग घरी येऊन फळीकडे पाहते. चौदावा खिळा रिकामा असतो, आणि गुरुवार असेल तर मी काठी घेऊन निघते.